तहकूब ड्रॅगनचा उन्हाळा

परवा पार्सल आलं. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पुस्तक, फाशांची थैली आणि चार नकाशे. बायकोनं खोक्याकडे बघून "आणखी एक?" एवढंच विचारलं आणि ती आत गेली. तिचंही खरं आहे. कपाटाचा आख्खा कप्पा असल्या पुस्तकांनी भरलाय आणि त्यातल्या निम्म्या खेळांचा डाव एकदाही मांडलेला नाही. पण नवी सिस्टिम हाती आली की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही, हे मी आता कबूल करून टाकलंय. उद्याचे पेपर तपासायचे बाजूला राहिले आणि मी रात्रीच्या जेवणापर्यंत पहिली चाळीस पानं संपवली.

ज्यांना हा नाद नाही त्यांना थोडक्यात सांगतो. चार-पाच जणांनी बसायचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी भालाईत. एकानं सूत्रधार व्हायचं. तो सांगतो, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता? बाकीचे आपापलं सांगतात, आणि अडेल तिथं फासे टाकायचे. हरणं-जिंकणं असं काही नसतं, गोष्ट पुढे जाते. ती कशी पुढे जाणार याच्या नियमांचा जो संच, त्याला सिस्टिम म्हणतात. बीडमध्ये आम्ही पाच जण दर रविवारी बसतो. त्यात दोन माझेच जुने विद्यार्थी आहेत, आणि खेळताना ते मला सर म्हणत नाहीत.

त्याच संध्याकाळी दिंद्रुडहून भावाचा फोन आला. फाल्गुन अजून संपला नाही आणि गावाकडे टँकर सुरू झालेत. "यंदा बी जनावरांची छावणी लागती की काय, काही खरं न्हाई," तो म्हणाला. माझ्या मांडीवर नवं पुस्तक उघडं होतं. नव्या कागदाचा वास येत होता आणि मला मात्र उसाच्या चिपाडांचा आणि शेणाचा आंबूस-गोड वास आठवला. आयुष्यात पहिल्यांदा मी सूत्रधार झालो तो उन्हाळा त्या वासाचा होता.

त्या वर्षी मी औरंगाबादला शिकत होतो. वसतिगृहात पाणीच उरलं नाही तेव्हा परीक्षा कशाबशा उरकून आम्हाला घरी पाठवलं. माजलगावच्या धरणानं तळ दाखवला होता. घरी आलो तर बॅग खाली ठेवायलाही फुरसत मिळाली नाही. "आलास? बरं झालं," वडील म्हणाले, "छावनीवर जा. दोन गाई अन् म्हैस तिथंच हायत. माझ्या गुडघ्यानं तिथं ऱ्हावना." दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी, जेवणाचा डबा आणि तीच कॉलेजची बॅग घेऊन मी छावणीवर हजर झालो.

गावाबाहेरच्या माळावर दूध सोसायटीनं ती छावणी चालवायला घेतली होती. वर हिरव्या जाळीचं छत, खाली ओळीनं बांधलेली जनावरं, प्रत्येकाच्या कानात आकड्याचा पिवळा बिल्ला, आणि जनावराशेजारी त्याच्या माणसाची बाज. चारा म्हणून ऊस यायचा. साखर कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नव्हता, मग शेतात जो काही ऊस उभा होता तो तोडून इकडे. "कारखान्याचं गाळप यंदा बैलांच्या तोंडानं चाललंय," असं पांडुरंगतात्या म्हणायचे. तात्या म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचे निवृत्त सचिव. नोटिसा, ठराव आणि इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांच्या दोन गाई आमच्या म्हशीला लागून होत्या. सकाळी मोजणी, मग चारा, मग पाणी. अकराच्या आत सगळं आटपायचं आणि पुढे पाच वाजेपर्यंत कोणालाच काही काम नसायचं. सबंध माळावर माणसं नुसती पडून असायची, आणि पडून पडूनच दमायची.

माझ्या बॅगेत झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतलेली ऐंशी पानं होती. वसतिगृहातल्या मित्रानं निरोप घेताना दिलेली नवी सिस्टिम. तोवर आम्ही जी खेळायचो तिच्यात तलवारीचा एक वार करायचा तर बेरजा-वजाबाक्यांत चहा गार व्हायचा. ही वेगळीच होती. साधे सहा बाजूंचे फासे, लुडोतले चालतील असे. प्रत्येक पात्राला एकच पान. पानावर पाण्याची सहा वर्तुळं, कारण गोष्ट एका वैराण मुलखातून दूरच्या किल्ल्याकडे जाण्याची. दर मुक्कामाला प्रत्येकानं फासा टाकायचा, एक किंवा दोन पडले की आपलं एक वर्तुळ खोडायचं. आणि पानाच्या अगदी वर एक मोकळी ओळ, 'जे मी सोडणार नाही ते'. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकानं ती भरायची. ज्याची वर्तुळं आधी संपतील त्यानं ती ओळ खोडायची, तरच सगळ्यांना पुढचं पाणी सापडतं. नाही खोडली तर सगळेच मेले.

एसटीत हा नियम वाचला आणि मी खिडकीच्या गजावर हात आपटला. काय डोकं लावलंय! शेजारच्या बाईनं लेकराला जवळ ओढून घेतलं. कधी एकदा चार माणसं गाठतो आणि त्यांच्यातल्या कोणाला तरी ती ओळ खोडायला लावतो असं मला झालं होतं. कोण कसं कासावीस होतंय ते मला पाहायचं होतं. एकवीस वर्षांचा होतो. आता याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

पहिला गडी मिळाला वैजू. वैजू माझ्याच वर्गातला, गावातल्या किराणावाल्यांचा मुलगा. छावणीत त्यानं चहाची टपरी टाकली होती. "राजा-राणीचा खेळ हाय का बे हा?" असं म्हणत त्यानं दुकानातल्या लुडोच्या डब्या फोडून आठ फासे आणून दिले आणि चोराचं पात्र घेतलं. तात्यांना मी नियम वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. "पोटनियम बरे केलेत," ते डोळे न उघडता म्हणाले, "फक्त सभासदत्वाचं कलम ढिलं हाय." ते भालाईत झाले.

तिसऱ्या कौसाकाकू. त्या आमच्या समोरच्या ओळीत एकट्या राहायच्या, सोबत हरण्या नावाचा म्हातारा बैल. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी गेला होता. नवरा, शंकरकाका, पुण्यात एका बांधकामावर रखवालदार. आमचं बोलणं चाललेलं असताना काकू उसाची कांडी बारीक करत होत्या. हरण्याला दात राहिले नव्हते, त्याला कांडी कोयत्यानं तोडून, वर दगडानं ठेचून द्यावी लागायची. "मला बी धरा की," त्या एकदम म्हणाल्या. मी विचारलं, काकू, तुम्ही कोण होणार, जादूगारीण? "कावून? मी हाय तीच बरी हाय. बाई हाय अन् तिचा बैल हाय, असं लिही." वरच्या ओळीत काय लिहू, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्यानं 'बैल' लिहिलं. नाव हरण्याच ना? "न्हाई. त्याला कशाला वढतो ह्यात? मोरक्या लिही."

आणि मग ज्या सिस्टिमसाठी मी जीव टाकत होतो तिचं या लोकांनी जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, पात्रांनी लगेच प्रवासाला निघावं. आमची पात्रं निघालीच नाहीत. तात्यांनी आधी सभा बोलावली. चेअरमनची निवड झाली, वैजू बिनविरोध. पहिल्याच गुहेपाशी मी विचारलं, आत आधी कोण जाणार? चोर असल्यानं वैजूनं जायला हवं होतं. तो म्हणाला, "चेअरमन कधी गेलाय का बे उसाच्या फडात? सभासद जातील." तात्या वहीत रोज इतिवृत्त लिहायचे आणि खाली सह्या घ्यायचे. एके दिवशी आमच्या गाईच्या वासरानं वैजूचं पान खाल्लं. सबंध चोर, त्याच्या पाच वर्तुळांसकट. नियमांत याला उत्तर नव्हतं, पण तात्यांकडे होतं. 'सभासदाचे पान वासराने खाल्ल्याने दुसरी प्रत देण्यात यावी, ठराव सर्वानुमते मंजूर.'

ड्रॅगनची गोष्ट तर मी अजून रविवारच्या मंडळींना सांगतो. खिंडीत ड्रॅगन आडवा येतो असा प्रसंग मी दोन दिवस घोकून तयार केला होता. दुपारी दोनला तो आला. मी हात पसरून, आवाज जाड करून त्याचं वर्णन केलं. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. काकू घागर भरायला टँकरवर गेल्या होत्या.

"गणपूर्ती न्हाई," तात्या म्हणाले.

"तात्या, ड्रॅगन समोर उभा आहे!"

"आसंल. त्याला नोटीस कोनी दिलती? सभा अर्धा तास तहकूब."

आणि खरोखर अर्धा तास ड्रॅगन तोंड उघडून उभा राहिला. वैजूनं मला चहा आणून दिला. अर्ध्या तासानंही काकू आल्या नाहीत तेव्हा तात्यांनी भाला उचलला, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मी चिडलो होतो, पण शेजारच्या बाजांवरची माणसं उठून बसली होती आणि पोट धरून हसत होती. त्या माळावर महिनाभरात इतकं हसू मी ऐकलं नव्हतं.

खरं भांडण पाण्यावरून झालं. पहिल्याच मुक्कामाला मी म्हटलं, फासे टाका. काकू म्हणाल्या, "थांब. आधी बैल पेईल." मी समजावलं की खेळात जनावराचं पाणी वेगळं धरलेलं नाही, बैल आपोआप पितो. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. आमच्याकडे कितीही टंचाई असो, दारचं जनावर पाण्यावाचून उभं असताना माणूस तांब्या तोंडाला लावत नाही. छावणीतसुद्धा टँकर आला की आधी हौद भरायचा, मग घागरी. हे कोणी कोणाला शिकवत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, आणि मीही पुस्तकाच्या नादात विसरलो होतो. तात्यांनी ठराव मांडला की दर मुक्कामाला बैलासाठी एक वर्तुळ आधी खोडावं आणि मग फासे टाकावेत. मी म्हटलं, अशानं पाणी लवकर संपेल. "संपू दे," तात्या म्हणाले, "दुरुस्ती मंजूर." वर्तुळ कोणाचं खोडायचं यावर तात्या आणि वैजू दोघंही आपापलं पान पुढे करत होते. काकूंनी ऐकलं नाही. "माझा बैल, माझं पानी."

त्यामुळे काय होणार ते मला त्याच दिवशी कळलं होतं. काकूंची वर्तुळं सगळ्यांच्या आधी संपणार होती.

त्याच सुमारास शंकरकाकांचे फोन वाढले. काकूंना ऐकायला कमी यायचं, फोनचा आवाज मोठा असायचा, त्यामुळे ओळीतल्या सगळ्यांना सगळं मालूम होतं. काकांना बांधकामावर खोली मिळाली होती. काकूंनाही तिथं काम मिळणार होतं, पण लगेच गेलं तर. "त्या म्हाताऱ्याला बाजार दाखव अन् निघ," काका म्हणायचे, "त्याच्यापायी तू उन्हात मरती का?" काकू नुसतं हं हं करायच्या. म्हातारा बैल औताला कोणी घेत नाही. बाजार दाखवायचा म्हणजे काय ते काकांना माहीत होतं आणि काकूंनाही. एका सकाळी व्यापारी येऊन हरण्याच्या पाठीवर हात फिरवून गेला. उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणाला. काकू त्याला हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्याच दुपारी काकूंचं शेवटचं वर्तुळ खोडलं गेलं.

मला थांबता आलं असतं. आज डाव नको, म्हशीला ताप आहे, काहीही सांगता आलं असतं. सकाळचा व्यापारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण मी आठ दिवस याच क्षणाची वाट बघत होतो. माझ्या त्या सुंदर नियमाची परीक्षा होती. मी आवाज खाली आणून, पुस्तकात सांगितलंय तसं, सावकाश विचारलं, "पाणी संपलं. पुढं विहीर आहे, पण ती ओळ खोडल्याशिवाय दिसणार नाही. काय करता?"

तात्यांनी पेन खाली ठेवलं. वैजू म्हणाला, "नित्या, ऱ्हाऊ दे बे." मी म्हटलं, नियम आहे.

काकू पानाकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'बैल' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. वाकडी, पण पूर्ण. "घ्या. प्या पानी," त्या म्हणाल्या आणि उठून आपल्या बाजेकडे गेल्या. नियमाप्रमाणे एका झेपेत पाच मुक्काम पुढे विहीर सापडली, सगळ्यांची वर्तुळं भरली. त्या दिवशीचं इतिवृत्त तात्यांनी लिहिलं नाही. मला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. व्यापाऱ्यानं फळकूट खाली टाकलं आणि दावं सोडायला वाकला. काकूंनी त्याचा हात धरला.

"न्हाई द्यायचा."

"आवं मावशी, काल तर..."

"काल खोट्यातला बैल सोडला तर रातच्याला घास उतरला न्हाई मला. खरा कसा सोडू? जा तुमी."

तो बडबडत गेला. काकूंनी नवऱ्याला फोन लावून सांगितलं, मी येत नाही. तिकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. खोली दुसऱ्या जोडप्याला गेली, हेही नंतर त्याच मोठ्या आवाजात सगळ्यांना कळलं. मी दिवसभर त्यांच्यासमोर जायचं टाळत होतो, पण दुपारी त्याच येऊन बसल्या.

"माझा मोरक्या परत आनायचा हाय."

मी पुस्तक उघडलं. खोडलेली ओळ परत लिहिता येत नाही, असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं. आणि आता किल्ला जवळ आलाय, दोनच मुक्काम राहिलेत, हेही सांगितलं. मी त्या किल्ल्याच्या अकरा खोल्या रेखून ठेवल्या होत्या, प्रत्येकीत काही ना काही होतं. वैजू म्हणाला, "घाल चुलीत तुझा किल्ला." तात्यांनी टोपी सारखी केली आणि विषय मतास टाकला. सभासद तीन, मतं तीन. आमची सगळी मंडळी किल्ल्याकडे पाठ करून आल्या वाटेनं मागे निघाली.

पाच मुक्काम मागे चालत जायला आम्हाला पाच दुपारी लागल्या. त्या पाच दुपारी काहीच घडलं नाही. ड्रॅगन नाही, चोर-दरोडेखोर नाहीत. नुसतं चालणं, फासे, आणि तात्या आपल्या वर्तुळातलं पाणी काकूंना देतात. माझ्या आठवणीत सबंध खेळातला तोच भाग सगळ्यात लख्ख आहे. शेवटच्या मुक्कामाला मी पुस्तक उघडलं नाही. फासाही टाकायला सांगितला नाही. "तो तिथंच उभा आहे," मी म्हणालो.

"आसनारच," काकू म्हणाल्या.

किल्ल्यात आम्ही कधी पोचलो नाही. ती सिस्टिम चांगली की वाईट, हे मला आजही धड सांगता येणार नाही, कारण निम्मे नियम वापरलेच गेले नाहीत. तरी मी नव्या सिस्टिम आणत राहतो, आणि येत्या रविवारी परवाच्या खोक्यातला डाव मांडणार आहे. उत्साह तोच आहे, खोटं कशाला बोलू. फरक इतकाच, की डाव मांडण्याआधी मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतो, हल्ली घरी काय चाललंय, आणि कोणता प्रश्न मी विचारू नये. पोरं हसतात. सर फार विचारतात, म्हणतात.

त्या साली ज्येष्ठात एका सकाळी मोजणीच्या वेळी हरण्या उठला नाही. काकू त्याचं तोंड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी उभा होतो. त्यानं दोनदा कान हलवला, बिल्ला वाजला, आणि मग काही नाही. सोसायटीच्या ट्रॅक्टरवर घालून आम्ही त्याला काकूंच्या शेतात नेलं आणि बांधाच्या कडेला पुरलं. वैजू, मी आणि आणखी चार जणांनी खड्डा घेतला, तात्या उन्हात छत्री धरून उभे होते.

काकूंचे हात मातीनं भरले होते म्हणून फोन मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. टेम्पो परत पाठवला त्या दिवसानंतर नवरा-बायकोचं धड बोलणं झालेलं नव्हतं.

"आवं," काकू म्हणाल्या, "हरण्या गेला. सोडला न्हाई मी त्याला. त्योच गेला."

फोनचा आवाज नेहमीसारखा मोठाच होता. आता ओरडणं ऐकू येणार म्हणून मी फोन जरा लांब धरला. पण तिकडून शंकरकाका रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. काकूंनी मातीच्या हातानं माझं मनगट धरून फोन पुन्हा कानाशी ओढला.

"रडू नगा," त्या म्हणाल्या, "तिथं लोक आसतील."